फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती

‘फेरविचार’ हा शब्द स्वतःसाठी वापरणारा माणूस क्वचितच भेटतो. अर्जात, अग्रलेखात, वाचकांच्या पत्रव्यवहारात हा शब्द सतत दिसतो, पण दर वेळी समोरच्याकडे बोट दाखवून. प्रशासनाने फेरविचार करावा. मंडळाने फेरविचार करावा. पालिकेने पाणी सोडण्याच्या वेळेचा फेरविचार करावा, ही नम्र विनंती. या शब्दाचं कायमचं बिऱ्हाड विध्यर्थात आहे. ‘मी फेरविचार केला’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते उच्चारणारा माणूस एक तर मंत्री असतो नाही तर राजीनामा परत घेत असतो. पुष्कळदा दोन्ही.

घरात तर हा शब्द उंबऱ्याच्या आत येत नाही. एखाद्या नवऱ्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ‘दिवाळीत तुझ्या माहेरी जाण्याच्या प्रश्नाचा मी फेरविचार केला आहे’ असं जाहीर केलं, तर बायको आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल. तरी फेरविचार घरात जितके होतात तितके मंत्रालयातही होत नसतील. फक्त ते करताना कोणी पकडलं जाऊ नये, अशी सगळ्यांची इच्छा असते, आणि त्यासाठी घरोघरी एक स्वतंत्र भाषा तयार झालेली असते.

सहलीच्या परवानगीचं उदाहरण घ्या. मुलगी महाबळेश्वरला जायचं म्हणते. वडील म्हणतात, ‘सहल-बिहल काही नाही. परीक्षा आलीय.’ मुलगी आईकडे बघते. आई डोळ्यांनीच ‘आत्ता नको’ म्हणते. मुलगी तरी बोलते. वडील म्हणतात, ‘नाही म्हणजे नाही. विषय संपला.’ मराठी घरात ‘विषय संपला’ या वाक्याने विषयाला खरी सुरुवात होते, हे जाणत्या माणसांना ठाऊक असतं. रात्री आईचं आणि त्यांचं काय बोलणं होतं ते इतिहासाला अज्ञात राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राच्या मागून, कोणाकडेही न बघता, एक प्रश्न येतो : ‘बस कुठून सुटणार आहे?’

झाला फेरविचार. यानंतर ‘बरोबर मॅडम कोण आहेत’ आणि ‘स्वेटर आहे का’ हे दोन प्रश्न येतात आणि मंजुरीवर शिक्का बसतो. या टप्प्यावर सगळ्यांनी फक्त उत्तरं द्यायची असतात. ‘म्हणजे जाऊ?’ असं विचारायचं नसतं. आभार तर अजिबात मानायचे नसतात. घरातलं एखादं धाकटं कार्टं नेमकं तेव्हाच बोलतं, ‘म्हणजे बाबा, ताईला पाठवणार तुम्ही?’ आणि बसवलेली घडी विसकटते. ‘मी असं म्हटलंय का?’ वर्तमानपत्र खाली येतं. मग आई त्या धाकट्याला दूध प्यायला आत नेते आणि सगळं पुन्हा पहिल्या प्रश्नापासून जमवावं लागतं.

वडिलांची पद्धत ही अशी आडमार्गाची. आजीची त्याहून पक्की. ती आपलं मत बदललं असं कधी सांगतच नाही. आपलं पहिलं मत असं काही होतं, हेच तिला मान्य नसतं. नातसुनेने नोकरी धरू नये म्हणून महिनाभर गाल फुगवून बसलेली आजी, पहिला पगार होऊन घरात पेढे आले की म्हणते, ‘मी कधी नको म्हटलं? मी तर पहिल्यापासून म्हणतेय, मुलींनी आपल्या पायावर उभं राहावं.’ सरकारी भाषेत याला ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ म्हणतात. आजीला तो शब्द माहीत नसतो, पण अंमलबजावणी तिच्याइतकी चोख कुठल्याही खात्याची नसते.

हे असं लपूनछपून का करावं लागतं? कारण मत बदलणाऱ्याला आपल्या भाषेने बरे शब्द फारसे ठेवलेलेच नाहीत. न बदलणाऱ्यासाठी मात्र मोठा थाट आहे. काळ्या दगडावरची रेघ. एक घाव दोन तुकडे. मोडेन पण वाकणार नाही. याउलट जरा कोणी दुसरा विचार केला की तो तळ्यात-मळ्यात करणारा, धरसोड वृत्तीचा. त्याने शब्द फिरवला, टोपी फिरवली, कोलांटउडी मारली, घूमजाव केलं. यातलं ‘घूमजाव’ तर मथळे लिहिणाऱ्यांचं इतकं लाडकं आहे, की ते नसतं तर राजकीय बातमीदारांची पंचाईत झाली असती. क्रिया एकच असते. आपल्या पक्षाने केली तर फेरविचार, समोरच्या पक्षाने केली तर घूमजाव आणि शेजाऱ्याने केली तर ‘त्यांचं काही खरं नसतं हो’.

महाभारतात याचे दोन मोठे दाखले आहेत आणि गंमत अशी की ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. भीष्माने प्रतिज्ञा केली ती सत्यवतीसाठी, तिच्या मुलांना राज्य मिळावं म्हणून. पुढे विचित्रवीर्य निपुत्रिक गेला, वंश खुंटायची वेळ आली, तेव्हा खुद्द सत्यवती भीष्माला विनवायला आली. जिच्यासाठी अट घातली गेली तीच अट मागे घेते म्हणते, यापेक्षा भक्कम फेरविचार अर्ज कुठल्याही कचेरीत आला नसेल. भीष्माने तो फेटाळला. आपण त्याला पितामह म्हणतो, त्याच्या करारीपणापुढे हात जोडतो. त्या एका नकाराने पुढे काय काय ओढवलं त्याचा हिशेब त्याच्या नावावर मांडत नाही.

दुसरा दाखला धृतराष्ट्राचा. पहिल्या द्यूतानंतर द्रौपदीने मागितलेले वर त्याने दिले, पांडवांचं राज्य परत केलं, त्यांना सन्मानाने इंद्रप्रस्थाच्या वाटेला लावलं. त्या क्षणी तो जरा बरा राजा दिसत होता. मग दुर्योधन आला, म्हणाला असं कसं सोडून दिलंत, आणि धृतराष्ट्राने फेरविचार केला. गांधारीने नको म्हणून सांगून पाहिलं. पण वाटेवरच्या पांडवांना माघारी बोलावणं गेलंच, अनुद्यूत झालं आणि बारा वर्षांचा वनवास अन् वर एक वर्ष अज्ञातवास पदरात पडला. म्हणजे फेरविचार न केल्याने कुळाची एक गाठ बसली आणि केल्याने दुसरी. व्यासांना या विषयावर ठाम भूमिका घ्यायची नसावी. किंवा त्यांचा रोख फेरविचारावर नसेलच. तो आपल्या कानाशी कोण लागतं यावर असेल.

शब्दाकडेच पाहू. ‘फेर’ हे मराठीत मोठं कामसू जोडपद आहे. फेरमोजणी, फेरनिविदा, फेरपरीक्षा, फेरतपासणी, फेरलिलाव. मंत्रालयातली फाईल वरून खाली येते तेव्हा तिच्यावर ‘फेरसादर करावे’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘आत्ता माझ्या टेबलावरून न्या’ असा आहे, हे खालच्या टेबलाला बरोबर कळतं. तलाठ्याकडे फेरफार असतो, गाव नमुना ६ मध्ये नोंदवलेला. वारसाचं नाव चढतं, मयताचं उतरतं, सातबारा बदलतो. म्हणजे फेरफारात खरोखर काहीतरी बदलतं. पण नुसता ‘फेर’ हा वेगळा प्रकार. नवरात्रात भोंडल्याला मुली फेर धरतात, मध्ये पाटावर हत्ती असतो आणि सगळ्या जणी गात गात गोल फिरतात. फेर पूर्ण होतो तेव्हा प्रत्येक जण निघाली होती तिथेच येऊन उभी असते. सगळ्यांना ठाऊक असतं की इथेच यायचंय. तरी फिरतात, आणि खिरापत ओळखायची ती फिरून झाल्यावरच.

फेरविचारातला फेर या हत्तीभोवतीचा आहे, असं माझं मत आहे. अर्जदाराला तो तलाठ्याकडचा वाटतो आणि तिथेच गल्लत होते. ‘फेरविचार करा’ म्हणताना आपल्या मनात ‘निर्णय बदला’ असंच असतं. पण शब्दाने तसं वचन कुठे दिलेलं नाही. एक चक्कर मारून या, एवढंच तो म्हणतो. म्हणून तर ‘आपल्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक फेरविचार करण्यात आला असून पूर्वीचा निर्णय कायम ठेवण्यात येत आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याची लेखणी जरासुद्धा अडखळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला स्वतःच्याच निकालाकडे पुन्हा पाहण्याचा अधिकार संविधानाच्या १३७ व्या अनुच्छेदाने दिला आहे. कायद्याच्या मराठीत त्याला पुनर्विलोकन म्हणतात, वर्तमानपत्रं फेरविचार याचिका म्हणतात आणि पक्षकार ‘अजून एक चान्स आहे’ म्हणतो. याचिका तीस दिवसांत करायची. ती जाते शक्यतो त्याच न्यायमूर्तींपुढे, ज्यांनी पहिला निकाल दिला. वकिलांचा युक्तिवाद सहसा नाही. न्यायमूर्ती आपल्या दालनात कागद वाचतात आणि ठरवतात. (फाशीच्या प्रकरणांत मात्र २०१४ पासून खुल्या न्यायालयात ऐकून घेतात, आणि ते योग्यच आहे.) निकाल मला पटला नाही, हे कारण चालत नाही. नोंदीवर ढळढळीत दिसणारी चूक दाखवावी लागते. आता, चूक झाली असं ज्यांना वाटत नाही त्यांनाच ती ढळढळीत दिसली पाहिजे, ही अट किती अवघड आहे ते वर्तमानपत्रामागच्या वडिलांकडे परवानगी मागितलेल्या कोणालाही समजेल. बहुतेक याचिका फेटाळल्या जातात. त्यानंतरही माणसाच्या आशेला जागा असावी म्हणून न्यायालयाने २००२ मध्ये उपचारात्मक याचिका नावाची आणखी एक खिडकी उघडली. तिच्यातून आत पाहायला मिळतं ते त्याहून थोड्यांना.

पण मला थक्क करणारा फेरविचार असल्या कुठल्या याचिकेतून आलेला नाही. १९७६ चा एप्रिल, आणीबाणी चालू. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येते का, असा प्रश्न होता. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी येत नाही म्हणून सांगितलं. एकट्या हंसराज खन्नांनी येते म्हटलं. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते, जे पुढे सरन्यायाधीश झाले आणि सर्वाधिक काळ त्या पदावर राहिले. चौघांतल्याच भगवतींनी २०११ मध्ये त्या निकालाबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं तेव्हा, १९७६ च्या त्या बहुमताच्या निकालात गंभीर दोष आहेत असं लिहून तो रद्दबातल करणारं निकालपत्र होतं धनंजय चंद्रचूडांचं. म्हणजे यशवंतरावांच्या चिरंजीवांचं. पुढच्याच वर्षी व्यभिचाराच्या कलमाबाबतही तेच झालं. वडिलांनी १९८५ मध्ये उचलून धरलेलं कलम ज्या पाच जणांच्या घटनापीठाने मोडीत काढलं, त्यात मुलगा होता.

आता आपल्याकडच्या कुठल्याही घरात वडिलांचं मत मुलाने खोडून काढणं ही रोजची बाब आहे, पण ते लेखी, कारणांसह, शेकडो पानांत, साऱ्या देशासमोर आणि तरीही एका शब्दाचा अवमान न करता करायचं म्हणजे काय असेल, याची कल्पना करताना मी नेहमी थबकतो. यशवंतराव २००८ मध्येच गेले होते. पहिला निकाल आणि त्यावरचा हा फेर, यांत एकेचाळीस वर्षं गेली. सहलीच्या परवानगीला एक रात्र पुरते.

राष्ट्रपतींकडे फेरविचाराचा अधिकार आहे, पण तो गमतीशीर बेताने शिवलेला आहे. संसदेने पाठवलेलं विधेयक ते एकदा परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा तसंच पाठवलं तर सही करावी लागते. २००६ मध्ये अब्दुल कलामांनी लाभाच्या पदांबद्दलचं विधेयक परत पाठवलं, दोन्ही सभागृहांनी ते पुन्हा संमत केलं आणि कलामांनी सही केली. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याबद्दलही तसंच. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींना ‘पुन्हा विचार करा’ म्हणायची मुभा दिली, तीही एकदाच. ही मुभा नुसती शोभेची आहे असं मात्र म्हणता येणार नाही. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती गुंडाळून ठेवली. कधी कधी नुसतं ‘खरंच का?’ एवढं विचारलं तरी समोरचा ओशाळतो. आईच्या ‘खरंच पाठवायचं नाही का तिला?’ यातली ताकद हीच असावी.

राजकारणातल्या राजीनाम्यांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण तो प्रांत स्वतंत्र ग्रंथाचा आहे. २ मे २०२३ रोजी शरद पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, सभागृहात कार्यकर्ते रडले, आणि ५ मे रोजी त्यांनी निर्णय मागे घेतला. अशा प्रसंगी ‘कार्यकर्त्यांच्या भावनांचा आदर’ हा शब्दसमूह लागतोच. लक्षात घ्या, इथेही फेरविचाराचं श्रेय दुसऱ्याला दिलेलं असतं. मी बदललो नाही, तुमच्याखातर थांबलो. मी फेरविचार केला असं स्वतःच्या नावावर, उजळ माथ्याने सांगणारा नेता आठवायला बसलं तर गांधीजींपाशी यावं लागतं. चौरीचौरा झाल्यावर फेब्रुवारी १९२२ मध्ये त्यांनी ऐन भरातली असहकाराची चळवळ थांबवली. तुरुंगातले सहकारी चिडले, पण गांधीजी थांबले ते थांबले. आणि १९३३ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी वाचकांची कायमचीच सोय करून टाकली : माझ्या दोन लिखाणांत मेळ बसत नसेल तर त्यातलं नंतरचं धरा. एवढी सोपी किल्ली असताना आपण त्यांची आधीची आणि नंतरची वाक्यं एकमेकांच्या अंगावर घालून वाद का घालतो, कोण जाणे. वादाला किल्ली नको असते, म्हणूनच बहुधा.

कायदा, एरवी कितीही रुक्ष असला तरी, माणसाच्या या खोडीला बराच समजून घेतो. विमा पॉलिसी हातात पडल्यावर ती न आवडल्यास परत करायला आता तीस दिवस मिळतात. त्यात निदान पॉलिसी वाचायला तरी घ्यावी, अशी अपेक्षा आहे. परस्परसंमतीने घटस्फोट मागितला तर हिंदू विवाह कायदा दोघांना सहा महिने घरी पाठवतो, जा आणि पुन्हा एकदा विचार करा म्हणतो. २०१७ पासून न्यायालयाला वाटलं तर ही मुदत माफही होते. लग्न मोडायला सहा महिने विचार करा म्हणणारा हा कायदा लग्न करताना मात्र असलं काही सुचवत नाही. विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे, पण ती फलकावर लागते; म्हणजे विचार करण्याची सोय जोडप्यापेक्षा इतरांसाठी अधिक आहे. आपल्या पोह्यांच्या कार्यक्रमात ही उणीव ‘कळवतो’ या एका क्रियापदाने भरून काढलेली असते. ‘कळवतो’ म्हटल्यावर न कळवणं, हेच कळवणं असतं.

क्रिकेटमध्ये फेरविचार मागायला पंधरा सेकंद मिळतात. दोन्ही हातांची खूण करायची आणि मग सगळं मैदान मोठ्या पडद्याकडे माना वर करून बघत राहतं. २००८ मध्ये श्रीलंकेत याचा पहिला प्रयोग झाला तो आपल्याच संघाबरोबर, आणि तो आपल्याला इतका पचला नाही की द्विपक्षीय मालिकेत पूर्णपणे मान्य करायला २०१६ ची राजकोट कसोटी उजाडावी लागली. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ‘अंपायर्स कॉल’. इतके कॅमेरे, चेंडूची निळी-लाल रेघ, सगळा हिशेब झाला, आणि उत्तर काय? चेंडू जेमतेम लागतोय, तेव्हा पंचांचं पहिलं मत राहू द्या. फेर मारून पुन्हा हत्तीपाशीच.

व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेला संदेश सगळ्यांसाठी पुसायची सोय २०१७ मध्ये दिली, तेव्हा त्यासाठी सात मिनिटं मिळत. आता दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण संदेश पुसला की तिथे तो पुसल्याची पाटी लागते. मूळ मजकूर कोणी वाचला नसता, ही पाटी सगळे वाचतात. नात्यातल्या ग्रुपवर मावशीने पुसलेल्या एका संदेशावर घरात जेवढी चर्चा होते तेवढी तिच्या न पुसलेल्या शंभर सुप्रभातांवर होत नाही.

या सगळ्यांपेक्षा तुळशीबागेतली पद्धत मला प्रामाणिक वाटते. तिथे फेरविचार मागवला जातो पाठमोरं होऊन. भाव पटला नाही की ‘राहू द्या’ म्हणायचं आणि चालू लागायचं, पण पावलं अशी टाकायची की मागून आलेली हाक ऐकू यावी. ‘अहो ताई, या तर खरं, काय द्यायचं ते सांगा!’ हाक आली की दुकानदाराचा फेरविचार झाला. अडचण होते ती हाक आलीच नाही तर. मग फेरविचार करायची पाळी गिऱ्हाइकावर येते, आणि सरळ मागे फिरणं म्हणजे शरणागती. म्हणून जाणत्या बायका तशाच पुढे मंडईपर्यंत जातात, भाजी बघितल्यासारखं करतात, दुसऱ्या बोळातून वळून येतात आणि त्याच दुकानापाशी सहज आल्यासारख्या थांबतात. ‘मघाशी तो डबा बघितला होता का हो मी तुमच्याकडेच?’ दुकानदारही सभ्य असतो. तो म्हणतो, ‘बघितला असेल, ताई.’

आमच्या सोसायटीत फाटकाच्या रंगावरून झालेलं प्रकरण याच विषयात मोडतं. वार्षिक सभेत फाटक राखाडी रंगवायचं ठरलं. हात वर करून मतदान झालं, ठराव बहुमताने मंजूर झाला, चहा-बिस्किटं झाली. रंगाऱ्याने पहिला हात मारला आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. सभेत त्यांनी हात वर केला होता की नाही, यावर अजून दोन मतं आहेत. त्यांनी सेक्रेटरींना कागद दिला : ‘फाटकाच्या रंगाबाबत फेरविचार व्हावा. राखाडी रंग स्मशानकळा आणतो. पूर्वीचा चॉकलेटी योग्य होता.’

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी उपविधींचं पुस्तक काढलं आणि काकांना नियम वाचून दाखवला : सर्वसाधारण सभेने एकदा केलेला ठराव रद्द करणारा ठराव सहा महिने उलटल्याशिवाय आणता येत नाही. काकांना हे पटेना. ‘अहो, घटस्फोटाला सहा महिने लागतात!’ ते म्हणाले. ‘म्हणूनच,’ सेक्रेटरी म्हणाले, ‘फाटकालाही तेवढेच.’

सहा महिने काका फाटकाकडे न बघता त्यातून ये-जा करत राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र थांबवून दाखवत. कुरियरवाल्याचंही मत घेतलं. त्याने राखाडी चांगला आहे म्हटलं, तेव्हापासून त्याच्या पार्सलवर सही करायला काकू येऊ लागल्या.

मुदत संपली, विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. गणपूर्तीअभावी सभा रीतसर अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने तेवढीच माणसं घेऊन, त्याच जागी, सुरू झाली. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं. विषय दुसरा : फाटकाचा रंग. अध्यक्षांनी काकांना बोलायला सांगितलं. काका उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘मी काय म्हणतो, आता राखाडीची सवय झालीय. धूळ दिसत नाही. उगाच खर्च कशाला?’

सभा त्यांच्याकडे बघत राहिली. मग सेक्रेटरी उठले. सहा महिने नियम सांभाळल्यामुळे त्यांचा आवाज जरा चढलेला होता. ‘खरं सांगायचं तर,’ ते म्हणाले, ‘मला रोज सकाळी दूध घ्यायला खाली उतरलं की वाटतं, काकांचं म्हणणं बरोबर होतं. स्मशानकळा येते.’

‘मी स्मशानकळा म्हटलंच नव्हतं,’ काका म्हणाले.

सेक्रेटरींनी फाईल उघडून कागद दाखवला. काकांनी चष्मा आणला नव्हता.

मतदान झालं. मागच्या वेळी राखाडीला जितकी मतं होती तितकीच या वेळीही पडली. फक्त काका त्या बाजूला गेले होते आणि सेक्रेटरी या बाजूला आले होते. ठराव नामंजूर झाल्याचं सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिलं आणि अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला : पाण्याच्या टाकीची सफाई, कंत्राटदाराची निवड. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं की त्यावर मागेच निर्णय झालाय. सेक्रेटरींनी तारीख पाहिली. साडेपाच महिने झाले होते.